हौसामावशीची जागा

पालखी उचलायची वेळ झाली तरी जितेशची नजर पुलावरून हटत नव्हती. ग्रंथदिंडी अष्टमीतून निघून कुंडलिकेच्या पुलावरून रोह्यात जायची होती, आणि हौसामावशी कुठल्याही क्षणी मध्येच येऊन काहीतरी भलतंच करून बसेल अशी त्याला धास्ती होती.

तशी धमकीच दिली होती ना बाईनं!

हौसामावशी अष्टमीच्या बाजारात सुकट विकायची. वीस-एक वर्षांपूर्वी पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीत तिला धडधाकट पुस्तकं सापडायची. बाई चौथी शिकलेली, पण पुस्तक फाडायला तिचा हात धजेना. मग ती सुकटीच्या टोपलीशेजारी गोणपाट अंथरून पुस्तकं मांडायला लागली. कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की वाचायला न्यायची, परत करताना घरातलं एखादं आणून ठेवायची. एका थंडीत तिनं सगळी पुस्तकं रोह्याच्या मैदानात नेऊन मांडली आणि बघता बघता गाव लोटलं. तोच पहिला ग्रंथमहोत्सव. पुढे दरवर्षी व्हायला लागला. मग मंडप आला, समिती आली, आणि समितीचे अध्यक्ष म्हणून जितेशचे वडील महिपतराव आले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. आता ते वारले, अध्यक्षपद जितेशकडे आलं, आणि यंदा कमानीवर 'संस्थापक : कै. महिपतराव' असं हातभर अक्षरांत झळकलं. शिवाय मैदानातला मावशीच्या गोणपाटाचा कोपराही गेला. तिथं म्हणे पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या होत्या.

मावशी सरळ समितीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. नाव कोणाचंही लावा, माझी जागा मला द्या, एवढंच म्हणाली. जितेशनं नाक मुरडलं. मुंबईचे मोठे लेखक येणार, सुकटीच्या वासात पुस्तक कोण हातात धरणार, असं बरंच काय काय बोलला. बोलता बोलता त्याचा तोल सुटला.

"मैदानात तुझं पाऊल पडलं तर याद राख, मावशी."

मावशीनं पदर खोचला. आवाज चढवला नाही की डोळ्यात पाणी आणलं नाही.

"नाय पडनार माझा पाऊल," ती म्हणाली. "तुम्हीच मला खांद्यावरून न्याल."

माणूस चौघांच्या खांद्यावरून कधी जातो हे का कोणाला सांगायला हवं? खजिनदार गुणाजीच्या तोंडचं पाणी पळालं. बाई जिवाचं बरंवाईट करणार, पुलावरून उडी टाकणार, हे त्यानं संध्याकाळपर्यंत गावभर केलं. चार जाणत्यांनी जितेशला समजावलं, अरे, कोपरा दे आणि मोकळा हो. पण वाकायचं कसं, बापाचं नाव कमानीवर! त्यानं पुलाच्या दोन्ही टोकांना माणसं उभी केली, खाली नदीत होडी ठेवली. एवढा खटाटोप केला, पण कोपरा काही दिला नाही.

यंदाची पालखी पेणच्या डेकोरेटरकडून आणली होती, मखमली पडद्यांची, चांगली ऐसपैस. थाटात काही कमी पडायला नको होतं. ती सजवायचं काम वाचनालयातल्या स्वप्नालीकडे होतं. बाजारातल्या बायकांना हाताशी घेऊन ती सकाळपासून देवळाच्या ओवरीत खपत होती. जितेश आत डोकावायला गेला तर तिनं त्याला दारातच अडवलं. पडदा आता व्यासपीठावर पाहुण्यांच्या हातूनच उघडायचा, आधी बघितलं तर मजा काय राहिली, असं तिचं म्हणणं. जितेशला ते पटलं. फोटोही झकास येणार होता.

"हौसामावशी दिसली काय गो?" त्यानं हळूच विचारलं.

"घराला कुलूप आहे तिच्या."

"पुलावर गेली नाय ना?"

"नाय, दादा. मी बोललेय तिच्याशी. तुमचं म्हणणं तिला मान्य आहे. मैदानात पाऊल टाकायची नाय ती."

जितेशचा अर्धा जीव भांड्यात पडला. त्यानं फेटा सारखा केला आणि पुढचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला. मागे गुणाजी आणि समितीतले आणखी सहा जण. पालखी चांगलीच जड निघाली. पहिल्याच वळणावर गुणाजी कुरकुरला, तेव्हा ज्ञानाचं ओझं असंच असतं, उचला मुकाट्यानं, असं जितेशनं त्याला ऐकवलं.

पुलावर तो दोन्ही कठडे न्याहाळत चालला. कठड्याशी कोणी बाई दिसली की पाय अडखळायचा. पण मावशी इथं नाही, तिथं नाही. खाली होडीवाला आरामात विडी ओढत बसला होता. पूल सरला आणि जितेशनं हुश्श केलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा! आता त्याला जोर चढला. ग्रंथराजाचा जयजयकार त्यानं एवढ्या मोठ्यानं केला की ताशेवाले बिचकले. मागून बाजारातल्या झाडून सगळ्या बायका चालत होत्या, गात होत्या. दुकान सोडून त्या कधी दिंडीला यायच्या नाहीत. बाबांची पुण्याई, दुसरं काय, असं जितेशला वाटलं आणि त्याचा ऊर भरून आला.

वडिलांच्या नावाखालून त्यानं पालखी मैदानात नेली. खांदा सोलून निघाला होता, पण आपला दांडा त्यानं दुसऱ्या कोणाला धरू दिला नाही. व्यासपीठावर पालखी टेकली. फोटोवाले पुढे सरसावले. मुंबईच्या पाहुण्यांनी चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी पडदा बाजूला सारला.

आत मांडीवर पुस्तकांची चळत घेऊन हौसामावशी बसली होती. तिनं चष्म्यावरून पाहुण्यांकडे बघितलं आणि विचारलं, "बोला, कुठला देऊ?"