उत्तर येईपर्यंत

“तात्पुरतं म्हणजे काय, काका? सांगा ना! किती दिवस?” यानिना ओरडली.

“उत्तर येईपर्यंत!” एवारिस्तोही ओरडला.

निरोपांची वेळ चालू होती आणि चिलीतल्या चिलोए बेटावरच्या एवढ्याशा रेडिओ केंद्रावरून नुसतं अकॉर्डियन वाजत होतं. एवारिस्तो तिथला जुना निवेदक. यानिना संगणक सांभाळणारी. पलीकडच्या बेटावरच्या एर्सिराबाईंचा मुलासाठीचा निरोप सापडत नव्हता, कारण यानिनानं लावून दिलेल्या नव्या नियमानं संगणकानं तो आपण होऊन पुसून टाकला होता.

तिचा तरी काय दोष? लांबच्या बेटांवर फोनला रेंज मिळाली तर मिळाली. म्हणून लोक अजून रेडिओवरूनच निरोप धाडतात. ‘गुरुवारच्या बोटीनं येतोय, डुक्कर विकू नकोस.’ ‘मुलगी झाली, दोघी ठीक.’ पलीकडून ‘मिळाला’ असं कळेपर्यंत निरोप रोज लावायचा, ही इथली रीत. निरोप काय, आज आहे उद्या नाही, म्हणून एवारिस्तो सगळे निरोप तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि पोचलेले पुसायला हमखास विसरायचा. फोल्डर तुडुंब भरलं की संगणक मान टाकायचा. गेल्या महिन्यात पाद्रीबाबांचं प्रवचन ऐन नरकाच्या वर्णनात अडकलं, आणि बोलणी कुणी खाल्ली? यानिनानं.

आधी तिनं संगणकाला सांगून ठेवलं होतं की महिनाभर कुणी न उघडलेली फाईल पुसून टाकायची. पण हा गृहस्थ कोणते निरोप बाकी आहेत ते बघायला रोज सकाळी झाडून सगळ्या फायली उघडायचा. मग एकही फाईल जुनी होईना! शेवटी वैतागून तिनं नियम बदलला. फाईल उघडली कधी ते बघायचं नाही, जन्मली कधी ते बघायचं. ‘ठेवायचं ते दुसरीकडे हलवा’ म्हणून एवारिस्तोच्या कानीकपाळी ओरडली. तो ‘माते’ नावाच्या कडू चहाची नळी तोंडात धरून ‘हो हो’ म्हणत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

“तोंडपाठ आहे ना तुम्हाला? मग वाचून दाखवा तुम्हीच,” यानिना म्हणाली.

“मी वाचला तर रेडिओवाला बोलावतोय म्हणेल तो. आई नाही.”

निरोप एर्सिराबाईंच्याच आवाजात होता. ‘नोल्बेर्तो, होडी बुडाली ती बुडाली. कुणी रागावलेलं नाही तुझ्यावर. घरी ये.’ बापाची होडी खडकावर घालून पोरगा तोंड लपवून निघून गेला, तो गेलाच. कुणी म्हणे दक्षिणेला माशांच्या कारखान्यात आहे, कुणी म्हणे अर्जेंटिनात. आणखी काहीही म्हणत, पण ते म्हातारीसमोर नाही.

“सहा वर्षं झाली, काका! तो ऐकतच नाहीये!”

एवारिस्तोनं तिच्याकडे पाठ फिरवली. तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

गुरुवारी बोट लागली आणि एर्सिराबाई उतरल्या त्या तडक केंद्रावर. बटाट्यांची पिशवी त्यांनी टेबलावर आदळली.

“माझा निरोप का नाही लागला? मेले का मी?”

यानिनाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मान खाली घालून तिनं काय झालं ते सांगितलं, माफी मागितली आणि नवा निरोप घ्यायला माईक पुढे सरकवला. एर्सिराबाईंनी खुर्ची ओढली. “नोल्बेर्तो,” त्या म्हणाल्या आणि अडल्या. पुन्हा “नोल्बेर्तो”, पुन्हा अडल्या.

“नाही जमत गं,” त्या चिडून म्हणाल्या. “तेव्हा माया होती आवाजात. आता नुसत्या शिव्या येतायत तोंडात.”

“असू देत, थोड्या वेळानं घेऊ,” एवारिस्तो म्हणाला आणि चहासाठी पाणी तापत ठेवायला उठला.

तेवढ्यात फोन वाजला. एवारिस्तोला कमी ऐकू येतं, म्हणून केंद्रावरचा फोन कायम स्पीकरवर असतो. एका पुरुषाचा दबलेला आवाज खोलीभर झाला.

“एक विचारायचं होतं. तो होडीचा निरोप... सोमवारपासून लागला नाही.” मागे वारा घोंगावत होता. “आई गेली का माझी?”

एवारिस्तो किटली धरून तसाच उभा राहिला. यानिनाचा हात तोंडावर गेला. एर्सिराबाईंनी मात्र खुर्ची मागे लोटली आणि दोन्ही हातांनी तो फोन तोंडाशी ओढला.

“मेल्या! म्हणजे सहा वर्षं तू रोज ऐकत होतास?”