गवत बकरीचं, दूध बाळाचं

"त्या गवताला जनावर लावू नका, बाई," आनंदा माळी म्हणाला, तेव्हा सुमती हसली होती.

वाळवीसाठी साहेबांनी हिरवळीवर कसलीशी पावडर मारून घेतली होती, असं त्याचं म्हणणं. म्हणून कापलेलं गवतही तो तबेलेवाल्याला देत नसे, जाळून टाकी.

"तुला तुझं गवत कापायचं मशीन हवंय," सुमती म्हणाली. "पावडर केव्हाच मातीत गेली."

मशीन लवकर यायची चिन्हं नव्हती. पाती बोथट झाली म्हणून गिरगावच्या जगदीश मिस्त्रीनं ती काढून नेली, आणि मग हरताळ, कर्फ्यू, गोळीबार. परळच्या गिरणीतल्या सुमतीच्या क्वार्टर्ससमोर गवत गुडघ्याएवढं झालं. सापाकिरडाच्या भीतीनं सुमती बाळाला पायरीवरसुद्धा सोडेना.

त्याहून मोठी काळजी दुधाची होती. तिच्या अंगावरचं आटलं होतं. दुकानांत दुधाच्या भुकटीचे डबे मिळत नव्हते, घरातले संपत आले होते. बाळाला उद्या काय पाजायचं, एवढंच तिच्या डोक्यात असे.

म्हणून तिनं लोअर परळच्या चाळीतल्या रखमाला बोलावून घेतलं. रखमाकडे बकरी होती आणि बकरीला चारा नव्हता. ठरलं ते साधं: गवत बकरीचं, दूध बाळाचं.

दोरी पोचेल तिथवर गवत वस्तरा फिरवल्यासारखं होई. मग रखमा खुंटी पुढे सरकवी.

"आमचे हे अजून बदली कामगारच," ती म्हणे, "आणि बकरी गिरणीत परमनंट."

तिची शेवंती नुकती बोलायला लागली होती. आईचा पदर धरून रोज येई. पहिल्याच सकाळी धार काढून झाल्यावर सुमतीनं पेला भरला आणि शेवंतीपुढे धरला. रखमा संकोचली. तसं ठरलं नव्हतं.

"तिच्या तोंडचं काढून माझ्या बाळाला पाजू का?" सुमती म्हणाली. "आधी ती पिऊ दे."

रखमानं ही गोष्ट चाळभर सांगितली.

मग तो नेमच झाला. पोरगी पेला रिकामा करी, पायरीवर खेळे. सुमती कामं सोडून तिच्याकडे बघत बसे. पोट दुखतं का, विचारी. मग बाळाची बाटली भरून आतल्या खोलीत जाई आणि दार लोटून घेई.

एका सकाळी शेवंती कडेवरून उतरेना. रात्री ओकली, रखमा म्हणाली. सुमतीनं पोरीची जीभ पाहिली, नखं पाहिली. उलटीचा रंग विचारला. जुलाब कधीपासून, तेही विचारलं.

"माझ्या सासूनंसुद्धा एवढी चौकशी केली नाही हो," रखमा म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

सुमतीनं पेला नेहमीसारखा भरला.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. दुपारी आनंदा मागच्या भिंतीवरून आत आला. बकरी चाळीच्या तोंडाशी मरून पडलीय, असं त्यानं सांगितलं. रखमाच्या खोलीपर्यंत त्याला जाता आलं नव्हतं.

सुमतीचे यजमान अच्युतराव पांढरेफटक पडले. त्यांनी झोपलेलं बाळ उचललं, शालीत गुंडाळलं. कर्फ्यू असो नाहीतर काही असो, डॉक्टरकडे न्यायचं.

सुमतीनं बाळ त्यांच्या हातून काढून घेतलं.

"त्याला काही होणार नाही," ती म्हणाली. "त्याला डब्याचंच देतेय. बकरीचं अजून थेंबभर दिलेलं नाही. शेवंतीला सोसतंय का, ते आधी बघत होते."

कर्फ्यू उठल्यावर तुमच्यापैकी कुणी लोअर परळकडे गेलात, तर रखमाच्या खोलीत डोकावा. शेवंती उठून बसते का, तेवढं बघून या.