रविवारची सकाळ सोडून

"एवढं एकच मागणं आहे, पोरी. रविवारची सकाळ आम्हाला दे," लोवेल टीग म्हणाला आणि त्याने कॉफीचा मग पुढे ओढला.

मार्लिसचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं. तीन वर्षांची हेटी अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. तिच्या अंगात शिकाऱ्यांना लांबून दिसेल असं भडक नारिंगी जाकीट होतं. हरणांच्या शिकारीचा हंगाम लागला की त्या जाकिटाशिवाय मार्लिस तिला दाराबाहेर सोडत नसे. मचाणं सगळी ओढ्यापलीकडे, घरापासून चांगली लांब होती. तरीही. कुठं थांबायचं हे गोळीला थोडंच कळतं.

लोवेल आणि त्याचे चार दोस्त ह्यूस्टनहून येत. आठ वर्षं हे रान त्यांच्याकडे शिकारीसाठी भाड्याने होतं. थंडीत हरणं, एरवी रानडुकरं. करार म्हणजे मार्लिसच्या वडिलांशी हातात हात देऊन झालेलं बोलणं. त्यातली एकच अट विचित्र होती. रविवारी दुपारपर्यंत ओढ्याकडे कुणी फिरकायचं नाही. वडिलांना जाऊन दीड महिना झाला होता. आता शब्द मार्लिसने द्यायचा होता, आणि ही माणसं दुसऱ्या रानात गेली तर जमिनीचा कर कुठून भरायचा, या विचाराने तिची झोप उडाली होती.

"बाबा जन्मात कधी चर्चची पायरी चढले नाहीत आणि रविवार तेवढा पाळायचे," ती म्हणाली.

"तोच रविवार डुकरांनी बरोबर हेरलाय. हे बघ." लोवेलने फोन तिच्यापुढे सरकवला. ओढ्याकाठच्या ओकच्या झाडाला त्याने कॅमेरा बांधला होता. समोरून काही हललं की तो आपोआप फोटो काढून पाठवायचा. "भर दहा वाजता अख्खं खानदान जेवायला आलंय. आमिषाला टाकलेला माझाच मका खातायत, आणि मी तंबूत बसून पत्ते पिसतोय."

मार्लिसला हसू आलं. ती बोटाने फोटो पुढे ढकलू लागली. डुकरं. दोन हरिणी. पुन्हा डुकरं. मग एक माणूस.

तिचं बोट थांबलं. डावा खांदा जरा पडलेला. पोरपणी पेकनच्या झाडावरून पडला होता तेव्हापासूनचा.

कर्टिस.

रान भाड्याने दिलं त्या संध्याकाळी याच टेबलापाशी तिचा भाऊ वडिलांवर ओरडला होता, "आपल्याच रानात पाय ठेवायला उद्या मी परवानगी मागायची?" वडील म्हणाले होते, "मागावी लागेल." "मग नाही मागणार," असं म्हणून तो जो गेला तो गेलाच. वडिलांनी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. मार्लिसने किती ओळखीच्यांकडे निरोप धाडले. दफनाच्या वेळी तिने शेजारची खुर्ची अडवून ठेवली होती, आणि पाद्री बोलत असताना ती सारखी रस्त्याकडे बघत होती.

ती भराभर मागचे फोटो बघू लागली. धुक्यात कर्टिस. उन्हात कर्टिस. एकदा भर पावसात, केस कपाळाला चिकटलेले. प्रत्येक फोटोत टोपी काढून छातीशी धरलेली, आणि नजर थेट कॅमेऱ्यात.

"हा कधीपासून येतोय?"

"पहिल्या वर्षापासून." लोवेल कॉफीकडे बघत होता. "मला वाटलं, चोरटा शिकारी. फोटो तुझ्या वडिलांना दाखवला, विचारलं, शेरीफला कळवू का? म्हातारा किती तरी वेळ बघत बसला. मोठा करून दाखव म्हणाला. मग म्हणाला, रविवारी दुपारपर्यंत ओढ्याकडे कुणी जायचं नाही."

मार्लिसने समोरचा फोटो मोठा केला.

"त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी तंबूवर हजर. 'दाखव बघू तुझी डुकरं.' डुकरं सगळी पुढे ढकलायचा."

कुंपण बघून येतो, असं सांगून वडील रविवारी गाडी काढायचे. जेवण गार होतं म्हणून ती दर वेळी चिडायची.

"आणि कर्टिसला... बाबा बघतात हे त्याला माहीत होतं?"

"कॅमेरा दिसला की चोर तोंड लपवतो, पोरी. हा टोपी काढायचा."

मार्लिस शेवटच्या फोटोपर्यंत आली. गेल्या रविवारचा होता. टोपी डोक्यावरच होती. कॅमेऱ्याकडे त्याने पाहिलंही नव्हतं. मान वळवून तो उताराकडे, घराच्या दिशेने बघत उभा होता.

तिने फोन टेबलावर ठेवला. आवाज जमेल तेवढा ठाम ठेवून ती म्हणाली, "मिस्टर लोवेल, रविवार नाही मिळायचा तुम्हाला. दुसरं रान बघायचं असेल तर बघा."

"मला कुठं हवाय रविवार?" लोवेलने फोन खिशात टाकला आणि तो गुडघे धरत उठला. "कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिला होता मी तुझ्या बापाला. दाखवणार नाही, असं नव्हतो म्हणालो."

तो दारापर्यंत गेला तेव्हा तिने मागून विचारलं, "आज शुक्रवार ना?"

"शुक्रवार."

म्हणजे ओढ्याकडे जायला अजून मध्ये अख्खा शनिवार होता.