जिवंत असल्याचा कागद

हबीबभाईंनी निळी कळ दाबली, आणि लंकाबाई जिवंत असल्याचे प्रतिज्ञापत्र वीज कोसळावी तसे एका क्षणात पडद्यावर येऊन पडले. नाव आणि गाव तेवढे भरायचे राहिले.

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या इन्शाचा श्वास मोकळा झाला. एका कळीसरशी अख्खा मजकूर उमटवणारा हा कीबोर्ड तिने स्वतः घडवला होता. नाशिकच्या कोर्टाबाहेर टाइप करता करता अब्बांच्या, म्हणजे हबीबभाईंच्या, बोटांचे सांधे सुजले होते, आणि डॉक्टरांनी विश्रांती फर्मावली होती. कीबोर्डात बसवायला तिने आणलेल्या पहिल्या सर्किट बोर्डाची मेमरी इतकी तोकडी, की वारसांचे प्रतिज्ञापत्र थोरल्या मुलापाशीच संपे. धाकटी भावंडे बेवारस राहत. मग तिने अंगठ्याएवढाच, पण पोटात पुष्कळ जागा असलेला दुसरा बोर्ड निवडला आणि अब्बांचा एकेक मजकूर एकेका कळीत उतरवला.

लंकाबाई हरसूलहून पहाटेच निघाल्या होत्या. पेन्शनच्या यादीत त्यांच्या नावापुढे कोणीतरी ‘मयत’ लिहिले होते. पडद्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

“हे काय?”

“तुमचंच, मावशी. झालं तयार,” हबीबभाई म्हणाले.

“एका टिचकीत?” त्यांनी पदर खोचला. “मला मारताना त्या हापिसातल्यानं एकच टिचकी मारली असंल. आता जितं व्हायलाबी एकच? असला कागद नाय पायजे मला. माझ्या सुनंचा लिवला तवा कशी बोटं नाचत व्हती तुमची.”

“आजी, मजकूर तोच आहे,” इन्शा म्हणाली.

“आसंल. पन साहेबानं इचारलं, कोनी लिवलं, तर काय सांगू? कोनीच नाय?”

हबीबभाईंनी टेबलाखालच्या पिशवीतून जुना कीबोर्ड काढला आणि सुजलेल्या बोटांनी त्यावरची धूळ पुसू लागले. इन्शाने त्यांचा हात धरला.

“अब्बा, पाच मिनिटं द्या.”

लंकाबाई पाठ वळवून मिश्री लावू लागल्या. इन्शाने लॅपटॉप उघडला, केबल जोडली, बोर्डावरचे बारीक बटण दाबून त्याला नवे फर्मवेअर, म्हणजे नव्या आज्ञा, पाजल्या. “आता अक्षरं एकेक करून पडतील,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही बोटं नुसती वरून फिरवायची.”

“एक चूक टाक मधे.”

“चूक?”

“बेटा, इतकं साफ मी जन्मात कधी लिहिलं नाही. मावशींना पटणार नाही.”

चुका होऊ नयेत म्हणून जागून काढलेल्या रात्री इन्शाला आठवल्या. तिने खिन्नपणे एक चूक घडवली आणि ती खोडायची सोयही केली.

मग निळी कळ पुन्हा दाबली गेली. झाडावरून फुले ओघळावीत तशी अक्षरे एकेक करून उतरू लागली. हबीबभाईंची बोटे कळांना न शिवता, न दुखता, त्यांच्यावरून तरंगत राहिली. लंकाबाई मान पुढे काढून पाहत होत्या. मध्येच ओळ अडखळली. दोन अक्षरे मागे सरली, पुसली गेली. हबीबभाईंनी खऱ्याखुऱ्या पश्चात्तापाने जीभ चावली.

लंकाबाईंचा चेहरा निवळला. त्या बाकावर ऐसपैस मांडी घालून बसल्या.

“सावकाश लिवा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मी काय कुठं जात नाय.”