पोस्टाने आलेली बाटली

साउथहॅम्प्टनच्या घरी कमलाकररावांच्या नावाने एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेकडून आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीची बाटली आली. अंगठ्याएवढी बाटली, झाकणाला काडी. काडीवर शौचाचा नमुना घ्यायचा, झाकण लावायचं आणि पोस्टाने परत पाठवायचं.

"असलं काही मी आयुष्यात कुणाला पाठवलेलं नाही," कमलाकरराव म्हणाले.

थोरल्या काकांचं हेच दुखणं उशिरा कळलं होतं, म्हणून अक्षया महिनाभर बाबांच्या मागे लागली. शेवटी एका सकाळी ते स्वतः चालत जाऊन पाकीट पेटीत टाकून आले. अक्षयाचा जीव भांड्यात पडला.

पंधरा दिवसांनी लॅबचं पत्र आलं. नमुना तपासता आला नाही, सोबत नवी बाटली पाठवत आहोत. अक्षयाला काही कळेना.

"बाबा, त्यात नक्की काय घातलंत?"

"साखर."

"साखर?"

"मग? लोकांचं भांडं रिकामं परत पाठवायचं?"

अक्षया आईकडे बघत राहिली. आईने शांतपणे नवी बाटली नवऱ्याच्या हातात ठेवली आणि बाथरूमचं दार उघडून धरलं.

"जा. त्यांना गोड चालत नाही."