उन्हाने जागा होणारा पडदा

"पाण्यातलं विष एकशे चाळीस होतं, आज दोन!" ती ओरडली आणि प्लास्टरमधला पाय विसरून उभी राहिली. मग पुन्हा ओरडली, ती दुसऱ्या कारणाने.

वडिलांनी तिला खुर्चीत बसवलं. "ठमे, आकड्यावर नाच. पायावर नको."

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. कारखान्याच्या नाल्याचं पाणी विहिरीत झिरपलं होतं आणि विहिरीतलं आईच्या अंगात. तेव्हा नोकरी सोडून तिने घराच्या गच्चीवर प्रयोग मांडला: नॅनोकणांचा लेप दिलेला पडदा. ऊन लागलं की तो जागा होणार आणि पाण्यातलं विष फोडणार.

"तुझ्यासारखाच," वडील म्हणायचे. "ऊन डोक्यावर आल्याशिवाय उठायचं नाही."

पाण्याचा रंग पहिल्याच दिवशी गेला. विष जाईना. वर्षभर तोच रडका आकडा. तिने बोलणं टाकलं, मग जेवणही. त्यात शिडीवरून पडली, आणि बाटलीत पाण्याचा नमुना भरून आणायचं काम निवृत्त पोस्टमन वडिलांकडे आलं. ते दुपारी बाहेर चक्कर मारून यायचे, गच्चीवर जायचे आणि बाटली घेऊन उतरायचे; ती खाली बसून तपासायची. दोन आठवड्यांत आकडा कोसळला.

"याला हातगुण म्हणतात," वडील मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली. बाटली काय चीज आहे!"

ती पोटभर जेवू लागली. वडील ते बघत बसायचे.

प्लास्टर निघालं त्याच दिवशी तिने शेजाऱ्यांना गच्चीवर बोलावलं. कडक ऊन होतं. पडद्याखालच्या तोटीतून तिने जग भरला, पेला भरला.

"पहिला घोट माझा," ती म्हणाली.

"वा गं! बापाच्या आधी?" वडिलांनी पेला हिसकावला आणि एका दमात संपवला. मग जग तोंडाला लावला.

"काका, आम्हालाही ठेवा की!" शेजारीण म्हणाली.

"रांगेत या," वडील म्हणाले आणि जग पालथा करून दाखवला. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या आणि खाली चहाला गेले.

ती मागे थांबली. डोळे पुसत तिने पेला पुन्हा तोटीखाली धरला. "बाबा, एक घोट आईच्या नावाने."

वडिलांनी तिचं मनगट धरलं.

"पिऊ नकोस, ठमे. बाटलीत मी रोज औषधाच्या दुकानातलं शुद्ध पाणी भरत होतो."