झुंबरबाईंचा विमा

सोनाळ्याच्या झुंबरबाईंसाठी आरोग्य विमा निवडता निवडता त्यांचा मुलगा हर्षल पार मेटाकुटीला आला. अकोल्याच्या मोठमोठ्या दवाखान्यांत चालणारा विमा आईला नको होता, अन् नागपूरचं तर तिनं ऐकूनही घेतलं नाही. शेगावच्या एका लहानशा दवाखान्यात तेवढा चालणारा विमाच पाहिजे, म्हणून ती हटून बसली.

“काऊन वं माय? साधं मशीन नाही तिथं. असं काय हाय शेगावले?”

“मांगच्या साली अकोल्याले भरती होती, त तुही एक काकू मले पाह्यले फिरकली नाही,” झुंबरबाई फणकारल्या.



अन् लगेच पुढं म्हणाल्या, “शेगावले कचोरी खायले त येतीन सगळ्या!”